सांगायची लाज आणि सोसायची सवय



गोठ्यातली गाय लघवीला अडली, तर घरधनी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. त्यात त्याला लाज वाटत नाही आणि वाटायचे कारणही नाही. पण त्याच घरातल्या बाईची लघवी खोकताना, हसताना, हंडा उचलताना लुगड्यात सुटत असेल, तर ती गोष्ट नवऱ्याला कळत नाही, लेकीला कळत नाही, शेजारणीला तर नाहीच नाही. मी स्वतः ही गोष्ट दहा-अकरा वर्षे लपवली. आज माझे वय अठ्ठावन्न. आता लपवायची नाही असे ठरवले आहे, म्हणून लिहायला बसले. विषय अवघड आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचा. घरात चारजणांत मोठ्याने वाचता आले, तर फारच चांगले.

आमचे गाव शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा, वैतरणा ही धरणे आमच्याच भागातली, आणि उन्हाळा लागला की आमच्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढले. चार बाळंतपणे झाली, चारही घरीच, सुईणीच्या हातची. तिसऱ्या वेळी आवणीची घाई होती, म्हणून एकविसाव्या दिवशी चिखलात उतरले. हे मी कौतुकासाठी सांगत नाही आणि रडगाणे म्हणूनही नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी हेच केले आहे. पुढे त्याचा संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवले.

पाळी जायच्या सुमाराला हे सुरू झाले. आधी शिंकताना एखादा थेंब. मग भाताचा भारा उचलताना. मग हसताना. पुढे पुढे तर नळाचे पाणी वाजले किंवा घराच्या कुलपाला किल्ली लावली की लघवीची अशी कळ यायची, की दारातून मोरीपर्यंत जायची सोय राहात नसे. मी माझ्यापुरते उपाय काढले. गडद रंगाची लुगडी नेसायची. जुन्या धोतराची घडी आत ठेवायची. कुठे जायचे असेल, तर सकाळपासून पाण्याला तोंड लावायचे नाही. पाणी कमी केल्याने लघवी पिवळीजर्द होऊन जळजळ सुरू झाली आणि कळ आणखीच वाढली, पण ते त्यामुळे होते हे मला कोण सांगणार? हळूहळू मी देवळातल्या कीर्तनाला मागच्या बाजूला, दाराजवळ बसू लागले. मग कीर्तनाला जायचे सोडले. पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा मी लग्नापासून कधी चुकवली नव्हती. घरची माणसे जायची तेव्हा मी "गुडघे दुखतात" म्हणून घरी राहू लागले. गुडघे दुखत नव्हते.

एकदा धीर करून एका डॉक्टरला अडखळत अडखळत सांगितले. त्यांनी तपासले नाही, काही विचारलेही नाही. "वय झालं की हे व्हायचंच. फारच त्रास वाटत असेल तर पिशवी काढून टाकू," एवढे म्हणून पुढचा पेशंट बोलावला. मी घरी आले आणि त्यानंतर चार वर्षे तोंड उघडले नाही.

मग तो दिवस आला. थोरला मुलगा डोंबिवलीला असतो. त्याच्या लेकीचे बारसे होते. आसनगावला मी लोकल धरली, सोबत धाकटा लेक. पिशवीत नाचणीचे पीठ, पापड, बाळासाठी गोधडी. वासिंद गेले, खडवली गेली आणि टिटवाळ्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती हलेचना. आपल्या लोकलगाडीला संडास नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पाय आवळून बसले. समोरची बाई फोडणीच्या मिरच्या घेऊन चालली होती. तिची पिशवी उघडली, मला ठसका लागला, आणि जे व्हायचे ते झाले. सगळे लुगडे भिजले. तेव्हा मी काय केले असेल? पाण्याच्या बाटलीचे बूच काढले आणि बाटली स्वतःच्या मांडीवर सांडली. "अगं बाई, पाणी सांडलं," असे मोठ्याने म्हणाले. कल्याण गेले, ठाकुर्ली गेली, डोंबिवली आली, तरी मी उभी राहीना. लेकाने हात धरून उठवले.

घरी पाहुणे जमले होते. सूनबाईने दारातच माझ्याकडे एकदा बघितले. काही न बोलता आत नेले, स्वतःची धुतलेली साडी दिली आणि माझे लुगडे बादलीत भिजवले. बाटलीतल्या पाण्याला वास नसतो, हे तिला कळले नसेल का? पण चारजणींत ती काही बोलली नाही. रात्री सगळे झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, किती दिवसांपासून होतंय हे?"

मी रडले. तुम्हाला वाटेल, माझ्या दुखण्यासाठी रडले. तसे नाही. मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांची गर्भपिशवी खाली उतरली होती. आपल्याकडे त्याला "अंग बाहेर येणे" म्हणतात. शेवटची सहा-सात वर्षे त्यांना लघवी धरवत नसे. अंथरूण ओले व्हायचे, घराला वास यायचा. मी तरुण होते, कामाने पिचलेली होते. एके दिवशी पाहुण्यांदेखत मी त्यांना बोलले, "एवढंसुद्धा कळत नाही का?" आणि त्यांचे अंथरूण घरातून पडवीत टाकले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दिवसभर पाणीही मागत नसत. २००९ साली त्या गेल्या, त्या पडवीतच. "किती दिवसांपासून होतंय," हे त्यांना कुणी विचारले नव्हते. मी तर नाहीच. माझ्या सुनेने मला जे विचारले, ते मी माझ्या सासूला विचारायला हवे होते. हे ओझे माझ्यावर आहे आणि राहणार. ते तुमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी पुढचे सगळे सांगते.

दुसऱ्या दिवशी सूनबाई मला डोंबिवलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. खोकताना जाते की घाई लागून जाते? थेंब जातो की धार? रात्री किती वेळा उठता? मलावरोध आहे का? मशेरी लावता का? दिवसातून चहा किती? साखरेचा आजार आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का? मग लघवी तपासली, रक्तातली साखर तपासली. टेबलावर झोपवून खोकायला सांगितले. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीने पाहिले. आणि एक वही दिली. तीन दिवस किती वाजता किती पाणी, चहा प्यायले, किती वाजता लघवीला गेले, मापाच्या भांड्यात ती किती भरली, कधी गळाली, सगळे लिहायचे. मला हसू आले. म्हटले, डेअरीत दूध मोजतात तसे झाले हे. त्या म्हणाल्या, "तसंच आहे बाई. मोजल्याशिवाय गाईचा दोष कळतो का?"

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. ते मला जसे कळले तसे तुम्हाला सांगते. मूत्राशय म्हणजे ओटीपोटातली एक लवचिक पखाल. साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास तिच्यात मावते. निम्मी-शिम्मी भरली की मेंदूला वर्दी जाते. पखालीच्या तोंडाशी आवळून धरणारे स्नायू असतात, आणि पखाल, गर्भपिशवी, आतडे या सगळ्यांना खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ताणलेली. बायकांचा लघवीचा मार्ग चारच सेंटिमीटरचा, पुरुषांचा वीस सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून बाळंतपणात त्या झोळीवर सगळा भार येतो. त्यामुळे हे दुखणे बायकांत अधिक. पुरुषांत नाही असे मात्र नाही.

सगळ्यांचे गळणे एकसारखे नसते, ही मुख्य गोष्ट मला त्या दिवशी कळली. ज्याचे जसे दुखणे तसा त्याला उपाय, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिला प्रकार जोर पडल्यावर गळण्याचा. खोकला, शिंक, हसणे, वजन उचलणे. पोटात दाब वाढतो आणि ढिली झालेली झोळी व तोंडाचे स्नायू तो दाब धरू शकत नाहीत. पावसात खाचर भरले आणि बांधाचे तोंड कच्चे असले की पाणी तिथूनच फुटते, तसे हे. बाळंतपणे, पुरेशी विश्रांती न घेता जड काम, वाढलेले वजन, जुना खोकला, रोजचे कुंथणे आणि पाळी गेल्यावर अंगातला ओलावा कमी होणे, ही त्याची कारणे.

दुसरा प्रकार घाईचा. पखाल पुरती भरलेली नसतानाच ती अवेळी आवळते. कळ आली की थांबवत नाही, रात्री चार वेळा उठावे लागते. लघवीतला जंतुदोष, मूत्राशयातला खडा, अतोनात चहा, मधुमेह, कधी लकव्यासारखा मज्जातंतूंचा आजार यांमुळे असे होते. पुष्कळांत एकच असे कारण सापडतही नाही. मला हे दोन्ही प्रकार मिळून होते. तसे पुष्कळजणींना असते.

तिसरा प्रकार भरून वाहण्याचा. हा पुरुषांत अधिक, आणि नीट ध्यानात ठेवण्यासारखा. माझे एक चुलत दीर सत्तरीचे. त्यांचे धोतर सारखे ओले. घरच्यांना वाटे, भाऊजींना लघवी फार होते. म्हणून त्यांचे पाणी तोडले. खरा प्रकार उलटा होता. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट अडली होती, मूत्राशय बेंबीपर्यंत तट्ट फुगले होते आणि जे गळत होते ते भरल्या रांजणावरून ओघळणारे पाणी होते. नळी घातली तेव्हा एका वेळी लिटरभराहून अधिक लघवी निघाली. आणखी थोडे दिवस गेले असते तर मूत्रपिंडे निकामी झाली असती. पुढे औषध आणि मग लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ऑपरेशन झाले, पोटाला टाका नाही. आता ते शेतावर जातात. जुन्या मधुमेहातही पखालीचे भान जाऊन असे भरून वाहणे होते.

चौथ्या प्रकारात मूत्राशय ठीक असते, पण माणूस वेळेवर पोचत नाही. गुडघे आखडलेले, डोळ्यांना दिसत नाही, संडास अंगणापलीकडे, रात्री दिवा नाही. किंवा म्हातारपणी भ्रम झालेला. याला गोळी लागत नाही. खाटेशेजारी भांडे किंवा भोक पाडलेली खुर्ची, वाटेत मिणमिणता दिवा, धरायला भिंतीला दांडा आणि दर दोन-तीन तासांनी "चला, जाऊन येऊ" म्हणणारे माणूस, एवढ्याने अर्धे दुखणे हलके होते.

आणि एक प्रकार वेगळाच. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र सारखी लघवी झिरपत असेल, तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेले असू शकते. अशा बाईला नवऱ्याने टाकल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. तो तिचा दोष नाही, बाहेरची बाधाही नाही. ते भोक शस्त्रक्रियेने शिवता येते. तिला मोठ्या रुग्णालयात न्या.

आता उपाय. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी एकही ऑपरेशन सांगितले नाही. त्यांनी व्यायाम सांगितला. अमेरिकेतल्या डॉक्टर आर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम लिहून प्रसिद्ध केला, म्हणून त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. पैसा लागत नाही, जागा लागत नाही, भाकरी थापताना करा नाहीतर एसटीत बसून करा.

वारा सरू नये म्हणून आपण जी जागा आवळतो, तीच आत आणि वर ओढायची. लघवी मधेच थांबवताना जे आवळले जाते तेही तेच. ओळख पटवण्यासाठी एकदोनदा लघवी थांबवून बघितली तर चालते, पण रोज लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. आवळून पाच अंक मोजायचे, मग सोडून पाच अंक मोजायचे. असे दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. जमू लागले की पाचाचे दहा करायचे. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचे नाही आणि श्वास कोंडायचा नाही. तीन महिने नेमाने केल्याशिवाय गुण येत नाही. बी पेरून चौथ्या दिवशी लोंबी बघायला कोणी जात नाही, तसेच हे. शिवाय खोकला किंवा शिंक येणार असे वाटले, हंडा उचलायचा झाला, की आधी आवळायचे आणि मग खोकायचे किंवा उचलायचे. ही एवढी युक्ती मला सगळ्यांत आधी उपयोगी पडली.

घाईसाठी मूत्राशयाला वळण लावायचे. मी तासातासाला जात होते. वहीत पाहून त्यांनी सांगितले, कळ आली तरी धावू नका, उभ्या जागी थांबा, आवळा, मनात दुसरे काहीतरी मोजा, कळ ओसरली की सावकाश चालत जा. दर आठवड्याला मधला वेळ पंधरा मिनिटांनी वाढवा. दीड-दोन महिन्यांत मी अडीच तासांवर आले.

पाणी तोडायचे नाही. दिवसाला दीड-दोन लिटर हवेच, उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त. फक्त झोपायच्या आधी दोन तास बेताने प्यायचे. माझे सहा कप चहा होते, ते दोनावर आणले. मशेरी सोडली, तिच्याबरोबर सकाळचा खोकलाही बराच गेला. पोट साफ राहावे म्हणून पालेभाजी, फळे वाढवली. वजन जास्त असलेल्या बाईचे थोडे वजन उतरले तरी गळणे कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी कोणी संध्याकाळी घेत असेल, तर सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

एवढ्याने भागले नाही, तर पुढचे उपाय आहेत. घाईच्या प्रकाराला गोळ्या आहेत. त्यांतल्या काहींनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. गोळीने न भागल्यास मूत्राशयात द्यायचे इंजेक्शनही आहे. पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायचे एक मलम देतात, त्याने तिथला कोरडेपणा आणि घाई कमी होते. अंग बाहेर येत असेल, तर आत बसवायची रबरासारखी मऊ रिंग मिळते. म्हाताऱ्या, ऑपरेशन न झेपणाऱ्या बाईला ती वरदान आहे. माझ्या सासूबाईंना ती बसवता आली असती.

जोर पडल्यावर गळणाऱ्यांसाठी ऑपरेशनही आहे. लघवीच्या मार्गाखाली स्वतःच्या अंगातल्या पडद्याची किंवा कृत्रिम जाळीची पट्टी झोळीसारखी घालतात. जाळीमुळे काही बायकांना पुढे त्रास झाला, त्यामुळे इंग्लंडात २०१८ साली तिचा सर्रास वापर थांबवला गेला. म्हणून ऑपरेशनाआधी कोणती पट्टी, गुण किती, त्रास काय, हे सगळे विचारून घ्यायचा आपल्याला हक्क आहे.

आणि एक गोष्ट ठळक सांगते. लघवी गळते म्हणून गर्भपिशवी काढणे हा उपाय नव्हे. लघवीचे मूत्राशय वेगळे, गर्भपिशवी वेगळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या भराभर काढल्याचे प्रकरण २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रात गाजले, ते आठवा. "पिशवी काढा" असे कोणी म्हटले, तर का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. अंग बाहेर येत असले तरी दर वेळी पिशवी काढावीच लागते असे नाही. गोव्यात शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले आपले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी पिशवी न काढता तिला वर बांधून घेण्याची शस्त्रक्रिया काढली. तिला त्यांचेच नाव आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचे नाही. लघवीत रक्त, थंडीताप आणि जळजळ, लघवी पूर्ण अडणे, किंवा कंबरदुखीबरोबर पायांतली आणि बैठकीच्या जागेची संवेदना जाऊन अचानक ताबा सुटणे. यांत त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुठे जायचे, असे तुम्ही विचाराल. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई. पुढे आमच्याकडे शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये, आणि कळव्याला ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेले आहे. बाईने स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना दाखवावे, पुरुषाने मूत्ररोगाच्या किंवा सर्जनना. ऑपरेशन सांगितले तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. सांगताना आडवळण नको. "खोकताना लघवी जाते," एवढे एक वाक्य घरी पाठ करून जा. मी तसेच केले होते.

डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ती जगापुढे मांडली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रियांचा एक ना एक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. ती पाहणी सगळ्याच स्त्रीरोगांची होती, माझ्या दुखण्याची नव्हे. पण ऐकून मी मनात म्हटले, आपण एकट्या नाही. सोसणाऱ्या पुष्कळ आहेत, सांगणारी कोणी नाही.

पुरुषमाणसांना दोन शब्द. घरापासून लांबचा संडास, अंगणात नसलेला दिवा, बाळंतिणीला सव्वा महिना न मिळालेली विश्रांती, तीन-तीन हंड्यांची खेप, यांतले पुष्कळसे तुमच्या हातात आहे. बाजाराच्या गावात बायकांसाठी स्वच्छ मुतारी आहे का, हे ग्रामसभेत विचारा. "मिळून साऱ्याजणी" मासिकाच्या बायका हाच प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१५ साली न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहे करायला सांगितले. जे शहरात लागते ते गावच्या बाजारातही लागते. आणि घरात म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण ओले झाले तर रागावू नका. ओले कपडे लगेच बदला, कातडी साध्या पाण्याने धुऊन नीट कोरडी करा, घडी किंवा डायपर तासन्‌तास तसाच ठेवू नका. ओल्याने कातडी सोलवटते आणि त्यातून जखम होते.

माझे म्हणाल, तर मी अगदी खडखडीत बरी झाले असे खोटे सांगणार नाही. जोराची सर्दी झाली तर अजून कधी थेंब जातो. पण घडी घालायचे सोडून वर्ष झाले. रात्री एकदाच उठते. पाणी पोटभर पिते. गेल्या पौषात मी म्हशाच्या यात्रेला गेले, पाळण्यात बसलेल्या नातीला खालून हात केला आणि पोटभर हसले. डोंबिवलीला आता एकटी जाते. आसनगावला गाडीत चढायच्या आधी लघवीला जाऊन येते, एवढेच.

गावातल्या चार जणींना मी हे सांगितले. पहिलीला सांगताना जीभ जड झाली होती. माझे बोलणे पुरे व्हायच्या आत ती म्हणाली, "वहिनी, मलापण." दुसरी तिसरीनेही तेच म्हटले. आता आम्ही दुपारी धान्य निवडताना अंक मोजतो आणि आवळून धरतो. बघणाऱ्याला वाटते, या बायका कसला जप करतात.

तुमच्या घरात कोणी हल्ली कुठे जायचे टाळत असेल, पाणी कमी पीत असेल, अंथरूण स्वतःच धुऊन लपवून वाळत घालत असेल, तर तिच्याजवळ बसा. रागाने नको, चारचौघांत नको. रात्री सामसूम झाल्यावर हळूच विचारा, "किती दिवसांपासून होतंय?" मला ते विचारणारी सून मिळाली. माझ्या सासूबाईंना ती मिळाली नव्हती.